नवा गेम ‘देतो’ की ‘खातो’?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातली. मराठी घेऊन एम.ए. झाले, मग स्पर्धा परीक्षांच्या मागे लागले, पण हाती काही आलं नाही. गेल्या दिवाळीपासून टेलिग्रामवरून लिखाणाचं काम मिळतंय. ऑनलाइन स्लॉटचा, म्हणजे पैसे लावून चक्रं फिरवायचा, नवा गेम आला की त्याबद्दल खेळाडू काय म्हणतात ते मराठीत लिहायचं. ते लोक मला इंग्रजी-हिंदीतल्या प्रतिक्रिया पाठवतात. त्यातून पाच मतं निवडायची आणि आपल्याकडच्या बोलण्यात बसवायची. ‘जळगावचा एक खेळाडू म्हणतो’, ‘धुळ्याच्या एका ताईंचा अनुभव’ असं लिहायचं. सूचना ठरलेली असते: चार मतं चांगली, एक तक्रारीचं, पण तक्रार हलकी हवी. आवाज मोठा आहे, गेम उघडायला वेळ लागतो, एवढीच. एका लेखाचे चारशे रुपये. महिन्याला आठ-नऊ हजार सुटतात. पैसे यूपीआयने येतात, दर वेळी वेगळ्याच नावावरून, नाना आणि माझ्या जॉइंट खात्यात.

मी स्वतः एक रुपया कधी लावला नाही. खोटंही लिहीत नाही, मतं कुणीतरी दिलेलीच असतात. मैत्रीण म्हणते, ‘गंज पैसा शे (खूप पैसा आहे), चालू ठेव.’ नाना म्हणतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अख्खं गाव पत्ते कुटतं, तू तर नुसतं लिहितेस. पण परवा मामेभाऊ आला होता. जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात असतो. म्हणाला, ‘आक्का, तू सगळं वाचतेस, मग सांग ना, नवीन आलेल्यांत देणारा गेम कोणता?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याला काय सांगू? आणि हे काम करू की सोडू?

– नाव छापू नये, अमळनेर तालुका


ताईंचं उत्तर

अगं, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. काम सोड. आणि मामेभावाला सांग, देणारा गेम नसतो. आता कारणं सांगते, कारण महिन्याचे आठ-नऊ हजार सोडायचे तर माणसाला ते पटायला हवं, आणि नुसत्या ‘सोड’ला तू बधणारी नाहीस हे पत्रावरून दिसतंच आहे.

‘खोटं लिहीत नाही, मतं कुणीतरी दिलेलीच असतात’ हा तुझा सगळा बचाव आहे. घोळ तिथेच आहे. घटकाभर धरून चालू की तुझ्याकडे येणारं प्रत्येक मत खरं आहे. लिहिणाऱ्याने तो गेम खरंच खेळलाय आणि जे घडलं तेच लिहिलंय. तरीही वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. खेळाडू लबाड असतात म्हणून नव्हे, गेमची बनावटच तशी असते म्हणून.

मे संपत आला की आपल्याकडे पारावर एकच विषय असतो, यंदा कपाशीचं वाण कोणतं लावायचं. एखादा म्हणतो, अमुक वाणाला बोंडं मोठी लागली, वेचणी सोपी गेली, पण लाल्या (पानं लाल पडायचा रोग) लवकर आला. हे मत नानांच्या कामाचं आहे. बियाणं तेच, जमीन तशीच, पाऊसही तोच. त्याच्या वावरात जे झालं ते तुमच्या वावरात होण्याची शक्यता असते, म्हणून नाना कान देऊन ऐकतात. स्लॉटमध्ये हा धागाच तुटलेला असतो. काल रात्री एकाला काय मिळालं आणि आज सकाळी दुसऱ्याला काय मिळेल, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. बटण दाबलं त्या क्षणी संगणकाने एक आकडा उचललेला असतो आणि निकाल तिथेच लागलेला असतो. चक्रं फिरतात, थांबतात, शेवटचं चक्र जरा जास्तच रेंगाळतं, ती सगळी नंतरची करमणूक.

जुन्या लोखंडी मशीनमध्ये चक्रावर जेवढी चित्रं दिसायची तेवढ्याच शक्यता असायच्या. 1984 मध्ये इंगे टेल्नेस नावाच्या गणितज्ञाला अमेरिकेत एका युक्तीचं पेटंट मिळालं आणि तो हिशेब सुटला. डोळ्यांना दिसणारं चक्र वेगळं आणि आत निकाल ठरवणारं आकड्यांचं चक्र वेगळं. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला आत एखादाच आकडा द्यायचा आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना भरपूर आकडे द्यायचे, हे त्यामुळे जमायला लागलं. मग खेळणाऱ्याला सारखं वाटत राहतं, की अरे, एका घराने हुकलं! तुझ्याकडे येणाऱ्या मतांत ‘थोडक्यात गेलं, पुढच्या वेळी नक्की’ असं किती वेळा येतं ते आठवून बघ.

आता पैशाचा हिशेब. गेमच्या माहितीत परताव्याचा टक्का दिलेला असतो, धंद्यात त्याला आरटीपी म्हणतात. ऑनलाइन स्लॉटमध्ये तो बहुधा 94 ते 97 च्या दरम्यान असतो. हा टक्का वाचून लोकांना वाटतं की हजार टाकले तर वाईटात वाईट 960 परत येतील. तसं नाही. तो टक्का तू भरलेल्या रकमेवर नसतो, लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. दहा रुपयांचा डाव धर, मिनिटाला दहा स्पिन, म्हणजे चक्रं दहा वेळा फिरवायची. बोटाला सवय झाली की हा वेग काहीच नाही. तासाला 600 स्पिन, म्हणजे 6000 रुपयांची उलाढाल. 96 टक्क्यांच्या गेममध्ये त्यातले सरासरी 240 रुपये गेले. हजार रुपये घेऊन बसलेल्या माणसाला ते दोन तास पुरलेच, तर हिशेबाने 480 गेलेले असतात. मध्ये पाचशे जिंकल्याचा आनंद झालेला असतो, तो खराच असतो, पण ते पाचशेही पुन्हा डावावर लागलेले असतात. चटईच्या कारखान्यात तासाला काय पडतं ते मामेभावाला विचार आणि हे दोन आकडे त्याच्यासमोर शेजारी शेजारी मांड.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रॅग्मॅटिक प्ले या कंपनीचा ‘गेट्स ऑफ ऑलिंपस’ तुझ्या हाताखालून नक्की गेला असणार. 2021 चा गेम आहे. तो साइटवाल्यांना तीन परताव्यांत मिळतो: 96.50, 95.51 आणि 94.50. कोणता लावायचा ते साइटवाला ठरवतो. चित्रं तीच, संगीत तेच, नाव तेच. 96.50 वाल्यात शंभरामागे साडेतीन रुपये कापले जातात, 94.50 वाल्यात साडेपाच. म्हणजे कात्री दीडपटीहून मोठी. आणि खेळणाऱ्याला हा फरक हजारो स्पिन मारूनही अंगावर जाणवत नाही, कारण नशिबाचे चढउतार त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. आता सांग, ‘मी खेळून बघितला, गेम चांगला आहे’ या वाक्याला अर्थ काय राहिला? खिसा किती रिकामा होणार हे ज्यावर ठरतं ते खेळून दिसत नाही. आणि खेळून जे दिसतं, म्हणजे रंग, आवाज, वेग, त्यावर खिशाचं काहीच ठरत नाही.

मग एकाच गेमबद्दल एक म्हणतो ‘देतो’ आणि दुसरा म्हणतो ‘नुसता खातो’, असं का? दोघंही खरं बोलत असतात. काही गेम थोडं थोडं, सारखं देत राहतात. नेटएंट कंपनीचा 2012 चा ‘स्टारबर्स्ट’ त्यातला. काही गेम लांबच लांब कोरडे जातात आणि क्वचित एखाद्याला घबाड देतात. पहिल्या प्रकारावर मतं गोड येतात, दुसऱ्या प्रकारावर टोकाची येतात. ‘देतो’ म्हणणाऱ्यांत आणखी एक गंमत आहे, खरं तर गंमत नव्हेच. आताच्या गेममध्ये एका स्पिनला वीस-वीस ओळींवर डाव लागतो. वीस रुपये लावले, एका ओळीवर सहा रुपये मिळाले. म्हणजे चौदा गेले. पण पडद्यावर दिवे लागतात, नाणी खळखळतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. अशा वेळी खेळणाऱ्याचं शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतं, असं त्यांना आढळलं. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉट कायदेशीर आहेत, पण तिथल्या नियामकाने ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून तोट्याच्या स्पिनवर जल्लोषाचा आवाज वाजवायला बंदी घातली. आपोआप स्पिन होत राहणं बंद केलं आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद ठेवायला लावले. ज्यांचा धंदा कायद्यात बसतो त्यांच्यावर एवढी बंधनं. तुझ्याकडे गेम पाठवणाऱ्यांवर कुणाची बंधनं आहेत?

‘नवा गेम सुरुवातीला देतो’ हे वाक्य तर तुझ्या लेखांत असणारच. खेळाडूंमध्ये हा समज पक्का आहे, तसाच ‘रात्री बारानंतर देतो’ हाही. आकडे उचलणाऱ्या प्रोग्रॅमला गेम बाजारात कधी आला ते माहीत नसतं आणि घड्याळही कळत नाही. नव्या गेमला मागणी असते ती वेगळ्याच कारणाने. नव्या नावाखाली तक्रारी साठलेल्या नसतात. शोधणाऱ्याला कोरं पान मिळतं आणि त्या पानावर पहिलं मत कुणाचं असावं, तर तुझं. पुष्कळदा गेम नवाही नसतो. ‘गेट्स ऑफ ऑलिंपस’चीच ‘1000’ लावलेली आवृत्ती 2023 च्या अखेरीस आली. तोच दाढीवाला देव, तीच रत्नं, फक्त गुणक, म्हणजे बक्षीस जितक्या पटीने वाढतं ते आकडे, मोठे केलेले. खेळाडू त्यावरही नव्याने मत देतात, आणि देणारच.

फुकट खेळून बघायच्या डेमोवरून दिलेली मतं तर बाजूलाच ठेव. कॅनडातल्याच संशोधकांनी 2005 मध्ये बऱ्याच साइट तपासल्या होत्या. त्यातल्या अनेकांच्या डेमोत शंभर टक्क्यांहून जास्त परतावा मिळत होता. खरे पैसे लागले की तो हात आखडता व्हायचा. नियामक असलेल्या देशांत आता डेमो खऱ्यासारखाच ठेवावा लागतो. टेलिग्रामवरच्या लिंकमधून उघडणाऱ्या साइटवर गेम असली आहे की नकली प्रत आहे, हेही कळायला मार्ग नसतो.

व्हिडिओत मोठमोठे डाव लावून ओरडणारे जे खेळाडू असतात, त्यांच्यातल्या अनेकांना साइटच पैसे पुरवते. ट्विच या थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या साइटने ऑक्टोबर 2022 पासून परवाना नसलेल्या काही स्लॉट साइटचं थेट प्रक्षेपण बंद केलं ते याच गदारोळानंतर. दुसऱ्याच्या पैशाने हरणाऱ्याचं मत हे मत म्हणून धरायचंच नाही.

आता तुझ्या त्या पाचव्या, हलक्या तक्रारीविषयी. पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य तेच. खेळाडूंच्या मतांत खरोखर उपयोगाची एकच गोष्ट असते: ‘जिंकलेले पैसे काढायला गेलो, तर आणखी भरा म्हणाले’, ‘कागदपत्रं मागितली, मग खातंच बंद केलं’. ही माहिती गेमबद्दल नसते, साइटबद्दल असते, आणि ती पुढच्या माणसालाही जशीच्या तशी लागू पडते. नेमकी तीच तुला गाळायला सांगतात. जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे ‘आवाज मोठा आहे’ बसवतात. तक्रार असलेला लेख प्रामाणिक वाटतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तू निवड करतेस असं तुला वाटतं, पण निवड तुझ्या आधीच झालेली असते.

आणि ‘धुळ्याच्या एका ताईंचा अनुभव’? ते मत कुठल्या देशातल्या कुठल्या माणसाचं होतं, ते तुलाही माहीत नाही. ते उचलून तू धुळ्यात आणून ठेवलंस. हे सरळ खोटं आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांना मराठी लिहिणारे शंभर मिळतील. तुला पैसे मिळतात ते वाचणाऱ्याला ‘ही आपल्यातलीच दिसते’ असं वाटावं म्हणून. मामेभाऊ तुझ्याकडे आला तो काही उगाच नाही.

पैसा कुठून येतो तेही बघ. लेखाखाली लिंक असते, लिंकमध्ये एक कोड असतो. त्या लिंकवरून आलेला माणूस जेवढा हरतो त्याचा हिस्सा लिंकवाल्याला मिळतो. या धंद्यात तो साधारण 25 ते 40 टक्के असतो. म्हणजे तुझा लेख वाचून कुणी हजार रुपये हरलं, तर तुला काम देणाऱ्याच्या हातात अडीचशे ते चारशे पडतात. तुझा अख्खा लेख एका माणसाच्या एका संध्याकाळीत वसूल होतो.

नानांचं आखाजीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे आखाजीला बायका-पोरी झोक्यावर, गौराईच्या गाण्यांत, आणि पुरुष पत्त्यांच्या डावावर, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. खापराची पुरणपोळी खाऊन बसलेला डाव रात्री उठतो. हरलेले पैसे गावातल्याच कुणाच्या तरी खिशात जातात, डावावर कुणी शंभरामागे पाच रुपये कापायला बसलेलं नसतं. जिथे ‘नाल’ (डावामागची कपात) काढणारा बसतो, तो अड्डा होतो आणि गावही त्याला अड्डाच म्हणतं. झन्ना-मन्ना या पत्त्यांच्या जुगारावर वावरं गेलेली घरं नानांनाही माहीत असतील, तेव्हा पत्त्यांचं कौतुक नको. पण स्लॉट हा चोवीस तास, बारा महिने नाल काढणारा अड्डा आहे आणि तो उशाशी ठेवलेल्या फोनमध्ये आहे. नानांना हा फरक एका वाक्यात कळेल.

त्यांना हवं तर मटक्याची आठवण करून दे. तो सुरू झाला कापसावरूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडणारे आणि बंद होणारे भाव मुंबईत यायचे, त्यांवर लोक आकडे लावायचे. ते भाव येणं थांबल्यावर 1960 च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आणि मग पत्त्यांवर धंदा चालवला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ मात्र तसेच राहिले. त्या मटक्याच्या कडेने आणखी एक धंदा वाढला, तो चार्ट आणि टिपा विकणाऱ्यांचा. ‘आज कोणता आकडा लागेल’ हे सांगणारा स्वतः आकडा लावत नसे. तो कागद विकून मोकळा होई. खेळणारे हरत राहिले, चार्टवाला कधी हरला नाही. तू एक रुपयाही लावत नाहीस, हे तू अभिमानाने लिहिलंयस. चार्टवालाही तेच सांगायचा.

आता कायदा. हे नीट वाच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. स्लॉट तर निव्वळ नशिबाचा. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, म्हणजे मामेभाऊ त्या कलमातून बाहेर आहे. तू मात्र नाहीस. जाहिरातीसाठी वेगळी तरतूद आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि जाहिरात म्हणजे फक्त क्रिकेटपटूने टीव्हीवर केलेली नव्हे. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कुणाला खेळायला उद्युक्त करणारी, कोणत्याही माध्यमातली जाहिरात त्यात येते, आणि ती बनवायला मदत करणं किंवा तिच्यात कसाही भाग घेणं हेही येतं. ‘मी मतं लिहिली, जाहिरात नव्हे’ असं तू म्हणशील. खाली कमिशनची लिंक असलेल्या लेखाला कोर्ट काय म्हणेल ते मी सांगणार नाही, ते काम वकिलाचं. पण मी तुझ्या जागी असते तर त्या वादात पडलेच नसते.

याहून जवळचा धोका वेगळा आहे आणि तो तुझ्या पत्रात तू सहज लिहून गेलीस: पैसे दर वेळी वेगळ्या नावावरून येतात. ही नावं बहुधा भाड्याने घेतलेल्या खात्यांची असतात. कुण्या कॉलेजच्या पोराने, कुण्या मजुराने पाच-दहा हजारांसाठी आपलं खातं वापरायला दिलेलं असतं. त्यातल्या एखाद्या खात्यावर देशात कुठेही सायबर तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढतात आणि तिथून जिथे जिथे पैसे गेले ती खातीही गोठतात. चारशे रुपयांसाठीही गोठतात. आणि तुमचं खातं जॉइंट आहे. कापसाचे पैसे त्यातच येत असतील, पीएम किसानचे आणि पीक विम्याचेही. पेरणीच्या तोंडावर ते खातं बंद पडलं, तर परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागेल. उद्या काम देणारे तुलाच म्हणतील, ‘ताई, तुमचं खातं वापरू द्या, महिन्याला इतके देतो.’ अजून म्हणाले नसतील तर म्हणतील. त्या दिवशी तू लेखिका राहत नाहीस, पैसे फिरवणारी होतेस, आणि त्याला त्या कायद्यात तीन वर्षं आणि एक कोटीचं कलम आहे.

म्हणून असं कर. त्यांना एका ओळीत कळव: यापुढे लिहिणार नाही, माझे लेख काढून टाका. ते काढणार नाहीत, पण तू कधी थांबलीस याचा पुरावा राहील. राहिलेले पैसे मागू नकोस. ते पैसे आणखी एका अनोळखी खात्यातूनच येणार. चॅट पुसू नकोस, घाबरून फोन फॉरमॅट करू नकोस. स्क्रीनशॉट काढून ठेव आणि ज्या ज्या नावावरून पैसे आले ती नावं तारखेसकट वहीत उतरव. मग अमळनेरच्या न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीची चौकशी कर. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जायच्या आधी विचारायचं असेल तर 15100 हा क्रमांक आहे. वकिलासमोर जे आहे ते सगळं सांग, आकडे कमी करून सांगू नकोस.

मामेभावाकडे वळू. ‘देणारा गेम कोणता’ असं विचारणारा माणूस बहुधा आधीच खेळत असतो आणि बहुधा हरलेला असतो. जिंकणारा विचारत नाही. तेव्हा त्याला गणित शिकवायच्या आधी विचार, ‘किती गेले?’ आणि तो जो आकडा सांगेल तो अर्धाच असेल असं धर. ओरडू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तो तुला विचारणार नाही, टेलिग्रामला विचारेल. कर्ज कुणाकडून घेतलंय, ॲपवरून घेतलंय का, पगाराच्या दिवशी पैसे कुठे जातात, एवढं बोलून घे. तुझ्या लेखांबद्दलही त्याला सांग. ‘ती धुळ्याची ताई मीच लिहिली’ हे वाक्य माझ्या सगळ्या टक्केवारीपेक्षा त्याच्यावर जास्त काम करेल. झोप उडाली असेल, जिवाला बरं वाटत नसेल, तर 14416 वर टेलि-मानसची सरकारी सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. साइटने पैसे अडकवले असतील किंवा कुणी फसवलं असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार. ‘मीच जुगार खेळलो, कुठल्या तोंडाने सांगू’ म्हणून लोक थांबतात आणि तेवढ्यात पैसा चार खात्यांतून पुढे जातो.

राहिलं आठ-नऊ हजारांचं. तेवढे लगेच दुसरीकडे मिळतील असं मी खोटं सांगणार नाही. मिळेल ते सुरुवातीला कमीच असेल. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला दिसली. तुला दुसऱ्याचं म्हणणं ऐकून ते तिसऱ्याला कळेल अशा भाषेत मांडता येतं. जळगावात ठिबकचे, पाइपचे, बियाण्यांचे, शेती औषधांचे व्यवसाय आहेत. त्यांची माहितीपत्रकं आणि मोबाइलवरचे संदेश कसल्या मराठीत असतात ते तू वाचलं असशील. शेतकरी ते वाचून दुकानदाराला विचारायला जातो. एखाद्या विक्रेत्याकडे जा आणि त्याचंच एक पत्रक नीट लिहून दाखव. पाच खऱ्या शेतकऱ्यांना गाठ आणि फवारणी पंपाबद्दल त्यांचं मत घे, नावानिशी, तक्रारीसकट. पाचांतल्या दोघांचा नोझल तुंबला असेल तर तेही छाप. ज्या दुकानदाराला ते चालणार नाही, त्याचं काम घेऊ नकोस. जिल्ह्यातल्या दैनिकांना तालुक्याच्या बातम्या पाठवणारे लागतात, तिथेही विचार. मानधन थोडं असतं, ते आधीच ठरवून घे आणि मागायला लाजू नकोस.

आणि नानांशी आज संध्याकाळीच बोल, वकिलाकडे जायच्याही आधी. खातं त्यांचंही आहे. पासबुक भरून आणा, त्यातल्या अनोळखी नावांवर दोघं मिळून खुणा करा आणि कापसाचे पैसे येण्याआधी दुसऱ्या बँकेत नानांच्या एकट्याच्या नावाने खातं उघडून घ्या.